दौलतरावांच्या गळ्यातली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या जातीच्या दुर्बिणी आपली कहाणी सांगताना जहाजांच्या, डोंगरदऱ्यांच्या, रानातल्या वाघांच्या गोष्टी सांगतात. माझ्याजवळ तसलं काही नाही. पिंपरीतल्या संत तुकाराम नगरातली एक गच्ची आणि तिच्यावरचं आभाळ, एवढंच मी पाहिलं. आणि पाहिला एक माणूस, आधी फुलून गेलेला आणि मग लाजेनं खाली बसलेला. त्याचीच ही हकिगत.

माझी भिंगं कुणी घासली, माझ्या नळ्या कुणी जोडल्या, ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते पुण्यातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानातलं काचेचं कपाट. तिथून एके दिवशी चार-पाच कामगार मला घेऊन गेले. चाकणच्या एका कंपनीत, जिथं गाड्यांच्या दारांचे पत्रे दाबून काढतात त्या प्रेस शॉपमध्ये, त्यांचे जोडीदार दौलतराव निवृत्त होत होते. शाल आणि नारळासोबत त्यांनी दौलतरावांच्या हातात माझा डबा दिला.

"राव, इतकी वर्षं चहाच्या सुट्टीत मान वर करून विमानं बघितलीत. आता जरा जवळून बघा," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. दौलतरावही हसले. पण घरी येताना कंपनीच्या बसमध्ये त्यांनी शाल पिशवीत कोंबली आणि मला मात्र मांडीवर धरून ठेवलं.

दौलतराव मूळचे परभणीकडचे. तरुणपणी कामाच्या शोधात इकडे आले आणि इथलेच झाले. प्रेसच्या धडधडाटानं त्यांच्या कानांची पार वाट लावली होती. इतरांना विमान आधी ऐकू येई आणि मग दिसे. दौलतरावांचं उलटं होतं. ते आधी पाहत, आणि आवाज येतोय की नाही हे शेजारच्याच्या चेहऱ्यावरून ओळखत.

आमच्या गच्चीवरून विमानं छान दिसत. लोहगावच्या विमानतळावर उतरणारी विमानं पश्चिमेकडून येत, चाकं बाहेर काढून, पुढचे दिवे लावून, इतकी खाली की माझ्यातून खिडक्यांची ओळ मोजता यावी. कधी लढाऊ विमानांची जोडी कडाडत जाई आणि खालच्या पार्किंगमधल्या गाड्या ओरडू लागत. दौलतराव रोज संध्याकाळी मला गळ्यात अडकवून गच्चीवर जात. मऊ फडक्यानं माझी भिंगं पुसत. त्या काळात माझ्यावर धुळीचा कण टिकत नसे.

दिवेलागणीच्या वेळी त्यांना सोबत असे सुमनताईंची. सुमनताई खालच्या मजल्यावर राहत. महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी बेजार, पण जिना चढून येत. उपग्रह कसा ओळखायचा हे त्यांनीच दौलतरावांना शिकवलं. "लुकलुकतो तो तारा, लाल-हिरवा दिवा मारतो ते विमान, आणि गुपचूप, न लुकलुकता, सरळ चालत जातो तो उपग्रह," असं त्या सांगत. अंतराळस्थानक आमच्यावरून जायचं असलं की दोघं आधीपासून तयारीत बसत. पश्चिमेकडून एक ठळक ठिपका निघे, डोक्यावरून सरके आणि अर्ध्या आभाळातच पृथ्वीच्या सावलीत विझून जाई. "आत माणसं आहेत त्यात," दौलतराव दर वेळी म्हणत, जणू पहिल्यांदाच कळलंय.

एका संध्याकाळी तर आभाळात दिव्यांची लांबलचक माळ सरकताना दिसली. वसाहतीत आरडाओरडा झाला. कुणी म्हणे हल्ला झाला, कुणी म्हणे देवाचा कोप. दौलतरावांनी मला डोळ्यांना लावलं, सुमनताईंकडून खात्री करून घेतली आणि गच्चीच्या कठड्यावरून खालच्या गर्दीला ओरडून सांगितलं, "उपग्रह हाईत! एकामागं एक सोडलेले! जेवायला जा सगळे!" त्या दिवसापासून वसाहतीत त्यांचा मान वाढला. मुलं-माणसं गच्चीवर येऊ लागली. माझ्यातून पाहण्यासाठी रांग लागे. मित्रांनो, ते दिवस माझ्याही सुखाचे होते.

दौलतराव आणि त्यांच्या पत्नी कुसुमताई यांना एकच मुलगी, स्वरूपा. लहानपणापासून बापाच्या खांद्यावर बसून विमानं मोजलेली. मी घरात आले त्याच्या पुढच्याच वर्षी तिची विमानात हवाई सेविका म्हणून निवड झाली. प्रशिक्षणासाठी ती हैदराबादला गेली आणि इकडे दौलतरावांचे पाय जमिनीवर राहिनात. त्यांनी आख्ख्या वसाहतीत पेढे वाटले. प्रशिक्षण संपत आलं तेव्हा त्यांच्या जुन्या जोडीदारांनी चौकात स्वरूपाचा फोटो असलेला भलामोठा फ्लेक्स लावला. 'आमच्या वसाहतीची कन्या आकाशात' अशी त्यावर अक्षरं होती. दौलतराव भाजी आणायला गेले तरी चौकाचा फेरा घेऊन यायचे.

प्रशिक्षण संपलं. स्वरूपा फोनवर सांगू लागली की तिची नेमणूक हैदराबादलाच झाली आहे, सुट्टी मिळत नाही, पण पुण्याची फेरी अधूनमधून असते. दौलतरावांचा प्रश्न ठरलेला असे, "मग कधी जाणार आमच्यावरून?" ती क्षणभर थांबायची आणि वेळ सांगायची.

त्या वेळेला दौलतराव लाल पंचा घेऊन गच्चीवर हजर असत. विमान दिसलं की पंचा फडकवत. कुसुमताई पदर डोळ्यांना लावत. शेजारीपाजारीही हात हलवत. एका हातानं पंचा हलवताना दुसऱ्या हातानं मला धरणं त्यांना जमत नसे. मी त्यांच्या छातीवर लोंबकळत राही आणि धावत्या माणसासारखं धडधडणारं त्यांचं काळीज मला जाणवे. विमान कुठल्या कंपनीचं, त्याच्या शेपटीवर कोणती खूण, हे पाहायचं त्यांच्या मनातही येत नसे. लेकीनं वेळ सांगितली होती, विमान आलं होतं, बस.

सुमनताई मात्र त्या दिवसांत बदलल्या. मुलाकडे बेंगळुरूला जाऊन विमानानं परत आल्या आणि तेव्हापासून गच्चीवर यायचं टाळू लागल्या. आल्या तरी दौलतरावांच्या नजरेला नजर देत नसत. आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील.

मग नोव्हेंबरातला तो रविवार आला. आभाळ स्वच्छ होतं. गच्चीवर बरीच मंडळी जमली होती, कारण स्वरूपानं संध्याकाळची वेळ सांगितली होती. प्रज्वल नावाचा एक तरुण इंजिनिअर नुकताच आमच्या इमारतीत भाड्यानं राहायला आला होता. पोरगा मनानं चांगला. दौलतरावांना पंचा फडकवताना पाहून तो कौतुकानं पुढे आला.

"काका, माझ्या फोनवर ॲप आहे. डोक्यावरचं विमान कुठून आलं, कुठलं आहे, सगळं दिसतं. थांबा, ताईंचं विमान दाखवतो तुम्हाला."

"दाखव, दाखव!" दौलतराव लहान मुलासारखे पुढे झाले.

प्रज्वलनं फोन आभाळाकडे धरला. त्याच्या कपाळावर आठी पडली. "हे तर दिल्लीचं आहे, काका. कंपनीही वेगळी. थांबा हं…" त्यानं बोटानं पडदा वरखाली केला. मग विचार न करता तो बोलून गेला, "हैदराबादचं विमान तर आज रद्द झालंय."

"मग काका, पंचा कुणाला दाखवत होता?" मागून कुणीतरी विचारलं. दोघेतिघे हसले. हसण्यात वाईट हेतू नव्हता.

"तुझ्या फोनला काय कळतंय!" दौलतराव म्हणाले. "आत्ता विचारतो तिलाच." त्यांनी खिशातून आपला फोन काढला. ऐकू कमी येत असल्यामुळे ते नेहमी स्पीकरवरच बोलत. कुसुमताईंनी त्यांचा हात धरला. "अहो, राहू द्या आता. खाली जाऊन करा." पण घंटी वाजू लागली होती.

"हां, बाबा," स्वरूपाचा आवाज सगळ्या गच्चीवर ऐकू आला.

"बाई, विमान उतरलं का तुझं?"

"हो, आत्ताच उतरलं. आपली गच्ची दिसली मला. तुमचा पंचापण दिसला."

आता कुणीही हसलं नाही. प्रज्वलनं फोन खिशात टाकला आणि तो दुसरीकडे पाहू लागला. कुणी मुलांना हाताला धरून जिन्याकडे निघालं, कुणाला गॅसवर ठेवलेली भाजी आठवली. दौलतराव पंचा हातात घेऊन उभे होते. फोनमधून "बाबा? ऐकू येतंय ना?" असं येतच राहिलं.

घरी आल्यावर कुसुमताईंनी लेकीला पुन्हा फोन लावला. तेव्हा सगळं बाहेर पडलं. स्वरूपा प्रशिक्षणाच्या शेवटच्या परीक्षेत नापास झाली होती. विमान पाण्यावर उतरावं लागलं तर पाण्यात उडी मारून दुसऱ्याला वाचवण्याची ती परीक्षा होती, आणि पाण्याची भीती काही केल्या तिला सोडत नव्हती. तिला काढून टाकलं. त्यानंतर तिनं इथंच, लोहगावच्या विमानतळावर नोकरी धरली. ज्यांना चालता येत नाही अशा प्रवाशांना चाकाच्या खुर्चीत बसवून विमानापर्यंत न्यायचं आणि विमानातून बाहेर आणायचं, हे तिचं काम. ती जवळच मुलींच्या वसतिगृहात राहत होती. इतके महिने ती याच शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि फलकावर येणाऱ्या विमानांच्या वेळा वाचून बापाला सांगत होती.

दौलतरावांनी कुसुमताईंच्या हातातून फोन घेतला. "चौकात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस," ते म्हणाले. "इकडं येऊ नको." आणि फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते ब्लेड घेऊन चौकात गेले आणि एव्हाना उन्हानं विटलेला तो फ्लेक्स त्यांनी स्वतःच्या हातांनी कापून काढला. त्याची गुंडाळी करून माळ्यावर टाकली. तिच्या मागे मलाही ढकललं, डब्याशिवाय, टोपणांशिवाय.

त्यानंतरचे दिवस माझ्यासाठी अंधाराचे होते. माळ्यावर दमट हवा. माझ्या डाव्या भिंगाच्या आत बुरशीची बारीक नक्षी उमटू लागली. माळा दिवाणखान्यावरच होता, त्यामुळे खालचं सगळं कानी येई. दौलतराव दूध आणायला मागच्या गल्लीनं जात. जोडीदार भेटायला आले तर कुसुमताईंना "झोपलेत म्हणून सांग" असं कुजबुजत. संध्याकाळी विमानाचा आवाज आला की उठून खिडकी लावून घेत. ज्या माणसाला विमान ऐकूच येत नसे, त्याला आता घराच्या आतसुद्धा ते ऐकू येऊ लागलं होतं.

एके दुपारी सुमनताई आल्या. बसायला सांगितलं तरी त्या उभ्याच राहिल्या.

"दौलतराव, मी तुमच्याशी बोलायला हवं होतं. मला हे आधीपासून माहीत होतं. बेंगळुरूहून आले तेव्हा मला खुर्चीतून बाहेर आणलं ते स्वरूपानंच. 'बाबांना सांगू नका' म्हणून तिनं माझे पाय धरले."



"त्याच विमानात एक म्हातारे गृहस्थ होते," सुमनताई पुढे सांगू लागल्या. "एकटेच. बसल्या जागी त्यांना लघवी झाली होती. लाजेनं उठेनात. सगळे उतरले तरी 'मला नको खुर्ची, तुम्ही जा' म्हणत होते. मी मागच्याच रांगेत होते. तुमच्या मुलीला सगळं कळलं, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही तिनं. अंगावरचं जाकीट काढून त्यांच्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, 'आजोबा, बाहेर गार वारा सुटलाय, पांघरून घ्या.' मला म्हणाली, 'सुमनकाकू, दोन मिनिटं थांबाल?' त्यांना आधी स्वच्छतागृहात पोचवलं, कुणाकडून तरी कोरडी पँट मिळवली. बाहेर त्यांचा मुलगा उभा होता, त्यालासुद्धा पत्ता लागला नाही. दुसऱ्याची लाज अशी झाकताना मी कुणाला पाहिलं नाही, दौलतराव. चाळीस पोरांच्या वर्गावर आयुष्य काढलं तरी नाही."

एवढं बोलून त्या निघून गेल्या. कुसुमताई आत रडत होत्या. मग दौलतरावांनी स्टूल ओढलं, माळ्यावर हात घातला आणि मला बाहेर काढलं.

सकाळी ते मला गळ्यात अडकवून बसनं लोहगावला गेले. कुसुमताईंना "जरा जाऊन येतो" एवढंच सांगितलं. लेकीला फोन करायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. विमानतळाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या झाडाखाली उभं राहून त्यांनी मला डोळ्यांना लावलं. माझ्या मळलेल्या भिंगातून ते खुर्ची ढकलणाऱ्या मुलींचा निळा गणवेश शोधू लागले. लेकीला लांबूनच, तिला न कळता बघून परत जायचं, एवढाच त्यांचा बेत होता.

पण ते विमानतळ हवाई दलाचंही आहे. तिथं दुर्बीण घेऊन उभा असलेला माणूस कुणाच्या नजरेतून सुटणार? थोड्याच वेळात दोन पहारेकरी आले आणि त्यांना गेटजवळच्या चौकीत घेऊन गेले. मला काढून टेबलावर ठेवलं. बसलेला अधिकारी साताऱ्याकडचा, बोलायला सरळ होता.

"बाबा, हे काय घेऊन उभे होता? इथं हे चालत नाही, माहीत नाही का?"

"चुकलं, साहेब. मुलीला बघायला आलतो."

"मुलगी विमानानं येणार आहे?"

"नाही. इथंच कामाला हाय."

"एअर होस्टेस?"

मित्रांनो, मी टेबलावरून त्यांचा चेहरा पाहत होते. किती सोपं होतं मान हलवणं! कपाळावर घाम आला होता. पंचा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तो पुसला.

"नाही, साहेब," ते म्हणाले. आवाज एकदम मोठा आला. "खुर्ची ढकलते. ज्यांना चालता येत नाही त्यांना विमानापर्यंत नेती. स्वरूपा नाव."

"मग आत निरोप द्यायचा, भेटायचं. हे असं लपून कशाला?"

"तिला तोंड दाखवायची लाज वाटायलीय."

अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आणखी काही विचारलं नाही आणि आत फोन लावला. काय निरोप पोचला कोण जाणे. पण स्वरूपा आली ती रिकामी खुर्ची ढकलत, जवळजवळ पळत. बाप गेटवर बसलाय म्हणजे त्याला काहीतरी झालं, असंच तिला वाटलं.

"बाबा, काय होतंय? छातीत दुखतंय का?" तिनं चाकं अडकवली, पायाखालची पट्टी खाली केली आणि त्यांच्या काखेत हात घातला. "हळू, माझ्यावर भार टाका."

"मला काही झालं नाही, लेकरा."

"मग इथं कसे?"

"तुला बघायला आलतो. लांबून."

स्वरूपाचे हात खाली आले. तिनं टेबलावर मला पाहिलं. ती मान खाली घालून म्हणाली, "लांबूनच ना? जवळ यायचीसुद्धा लाज वाटली असेल. मी कामच तसं केलंय."

"तुझी नाही गं, माझी." दौलतराव म्हणाले. "त्या दिवशी फोनवर जे बोललो… बाप असं बोलतो का?"

"मी सांगणार होते, बाबा. नापास झाले त्याच दिवशी फोन केला होता. 'काहीतरी सांगायचंय' म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, आधी माझं ऐक, चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. मग तुम्ही तो कितीतरी वेळ वाचून दाखवलात. त्यानंतर कसं सांगणार होते मी?"

दौलतरावांना तो फोन आठवला. ती काय म्हणाली होती ते मात्र आठवेना, आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं. चाळीस वर्षं प्रेससमोर उभा राहिलेला तो माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून चौकीतल्या बाकावर रडला. अधिकारी उठून बाहेर गेला. स्वरूपा शेजारी बसली. ती त्यांना गप्प करायला गेली नाही. दारातून बाहेरच्या कुणाला दिसू नये म्हणून तेवढी ती खुर्ची तिनं मध्ये सरकवून ठेवली.

त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी स्वरूपा घरी आली. सगळं एकदम गोड झालं असं मी सांगणार नाही. चौकातून जाताना दौलतराव अजून पावलं भरभर उचलत, आणि जिन्यात कुणी भेटलं की स्वरूपाची मान खाली जाई. पण संध्याकाळी दौलतरावच म्हणाले, "चल वर." गच्चीवर सुमनताई होत्या, प्रज्वलही होता. तो ओशाळून म्हणाला, "काका, त्या दिवशी मी उगीच…"

"तू काय केलंस, बाबा? खरं तेच दाखवलंस." मग दौलतरावांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "ही माझी स्वरूपा. लोहगावला असते. चालता येत नाही त्यांना विमानापर्यंत नेते." एवढं वाक्य बोलायला त्यांना फार वेळ लागला. मग ते कठड्याशी बसले आणि मुलीला म्हणाले, "सांग. आज कुणाकुणाला नेलंस?"

ती सांगू लागली. पहिल्यांदाच विमानात बसणारी लातूरकडची एक आजी, तिच्या पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू, खुर्चीत बसूनही तिनं घट्ट धरून ठेवलेली स्वतःची चप्पल. दौलतरावांनी त्यातल्या त्यात बरा कान तिच्याकडे केला होता. मी त्यांच्या मांडीवर होते. डोक्यावरून किती विमानं गेली आणि कोणता उपग्रह सरकला, ते मला सांगता येणार नाही, कारण माझी टोपणं लावलेली होती.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी दुर्बीण असेल तर तिला दमट माळ्यावर टाकू नका. कोरड्या डब्यात ठेवा, भिंगं मऊ फडक्यानं पुसा आणि संध्याकाळी खुशाल आभाळ बघा, फार सुंदर असतं ते. पण बघता बघता शेजारी उभं असलेलं कुणी "मला काहीतरी सांगायचंय" असं म्हणालं, तर कितीही मोठं विमान येत असो, मला खाली ठेवा. विमान उद्या पुन्हा येईल. ते वाक्य पुन्हा म्हणण्याचा धीर प्रत्येकाला होत नाही.